इंदूमावशींची नऊ गावं

आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एकदा तरी धडकी भरायची. सकाळी साडेसहाला कंपाउंडच्या भिंतीपलीकडून खणखणीत आवाज यायचा, "मलकापूरनं चिखलीचं डोकं फोडलं व माय! अन् शेगाव नुसतं पाहून राह्यलं!" समोरच्या घरात आलेले एक शिक्षक तर दंगल झाली समजून बाहेर धावले होते. मग त्यांना आत नेऊन पिंजरा दाखवावा लागला.

मलकापूर, चिखली आणि शेगाव ही इंदूमावशींची पाखरं. बाजारात ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ती, हिरवी, पिवळी, निळी. एकूण नऊ. अकोला, जलंब, नांदुरा, मलकापूर, शेगाव, चिखली, मेहकर, बाळापूर आणि लोणार. मावशींनी तरुणपणी खामगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली होती. त्यांच्यासमोरच्या बोर्डावर ही सगळी गावं ओळीनं असायची, प्रत्येक गावाला एक भोक. पाखरांना नावं ठेवायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही, असं त्या सांगत. "देवाईचे नावं ठेवले अन् पिंजऱ्यात हागले तं काय म्हनू मी त्याईले?"

मावशींनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. मी कुणाला काही विचारणाऱ्यांतली नव्हतेच. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत एक भाषा, घरात आईची प्रमाण मराठी आणि गल्लीत वऱ्हाडी, या तिन्हींच्या मधे मी बहुतेक वेळ गप्प असायचे. मावशींना माझ्या गप्प बसण्याचं काही वाटत नसे. "असू दे. लाइनवर काही मानसं असे असतात. घंटी वाजते, उचलतात, श्वास ऐकू येते. आहे म्हनजे आहे," असं म्हणून त्या माझ्यासमोर मुरमुऱ्यांचा चिवडा ठेवायच्या.

एक्सचेंजनं त्यांना दोन सवयी लावल्या होत्या. पहिली म्हणजे तीन मिनिटं. पूर्वी परगावी लावायचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. वेळ संपली की ऑपरेटर मधे येऊन विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" मावशी घरातही तसंच वागायच्या. कुणी सुनेची, सासूची, नळाच्या पाण्याची तक्रार घेऊन आलं की त्या मन लावून ऐकायच्या. मधे एक शब्द बोलायच्या नाहीत. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "तीन मिनिटं झाले. वाढवतं का?" बहुतेक लोक हसून चहा मागायचे. माझी आई एकदा रागावून उठून आली होती. दुसऱ्या दिवशी ती परत गेली, आणि अडीच मिनिटांत सगळं सांगून आली. "बरं वाटलं," म्हणाली.

दुसरी सवय ऐकलेलं न बोलण्याची. गावातल्या जिनिंगवाल्यांचे, तेलमिलवाल्यांचे, पळून गेलेल्या पोरापोरींचे फोन या बाईनं जोडले होते. बायका खोदून खोदून विचारायच्या. मावशींचं उत्तर ठरलेलं होतं, "मले दोन भोकं दिसत होते अन् मधात वायर. मानूस कुठी दिसला मले?" आपल्याला एखादी गोष्ट कळली म्हणजे ती सांगितलीच पाहिजे असं नाही, हे त्यांचं जवळजवळ व्रत होतं. हे व्रत पुढे त्यांना फार जड गेलं.

एक्सचेंज आपोआप चालू लागल्यावर मावशींना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. तिथूनच त्या निवृत्त झाल्या, तेव्हा मी बारावीत होते. निरोपाच्या दिवशी शाल आणि नारळ मिळालाच, पण एका जुन्या लाइनमननं पिंजऱ्यातली एक जोडी आणून दिली. "घर लय गप्प राहील बाई तुमचं," एवढंच तो म्हणाला. तीच जोडी म्हणजे अकोला आणि जलंब. पुढे अंडी झाली, पिल्लं झाली, शेजाऱ्यांनी दोन आणून दिली, आणि मावशींच्या मागच्या ओट्यावर कपाटाएवढा जाळीचा पिंजरा उभा राहिला.

तो पिंजरा त्यांच्या भावानं बांधला. गजूमामा, मावशींपेक्षा दहा वर्षांनी लहान. जानेफळला त्यांची शेती. आई लवकर गेल्यामुळे मावशींनीच त्यांना वाढवलं होतं. पन्नाशी ओलांडलेला हा दणकट माणूस थोरल्या बहिणीला "बाई" म्हणायचा आणि तिच्यासमोर अजून खुर्चीवर बसायचा नाही, उंबऱ्यावर बसायचा. दर बाजाराला मेहकर-खामगाव एसटीनं ते यायचे. एका हातात भाजी किंवा डाळ, दुसऱ्या हातात पाखरांसाठी कापडी पिशवीत बाजरी. दुकानातलं दाणापाणी त्यांना पटत नसे. "आपली जमीन असून पाखरानं इकत खावं काय?" असं म्हणत.

मावशी चार दिवस जानेफळला गेल्या की पिंजरा माझ्याकडे असायचा. पहिल्या वेळी त्या परत आल्या, पाखरांकडे निरखून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "खायला दिलं, पानी दिलं, सारं बराबर. पन तू बोलली नाई त्याईच्याशी."

"काय बोलू, मावशी?"

"काहीबी बोल. इंग्रजीत बोल. थे काई तुले मार्क देऊन राह्यले काय?"

मग मी बोलायला लागले. आधी इंग्रजीत, मग मराठीत. वर्षभरानं कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी मलकापूरला वऱ्हाडीत शिव्या घालते आहे. मलकापूर हे निळं, जाड मानेचं पाखरू होतं आणि त्याच्या अंगात जन्मजात भांडण होतं. झोका त्याचा, वाटी त्याची, ऊन पडतं तो कोपरा त्याचा. चिखलीच्या डोक्यावरची पिसं त्यानं उपटून काढली होती. या वर्षी फेब्रुवारीत मावशींनी कंटाळून त्याला वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात टाकलं. "आठ दिवस निलंबित," असं जाहीर केलं. त्याच्या पिंजऱ्यात दुकानातली उरलेली कांगणी टाकली. बारीक पिवळा दाणा तो, संपवायचाच होता.

त्याच आठवड्यात गजूमामा नवी बाजरी देऊन गेले. दाणा स्वच्छ, पांढुरका, धुऊन वाळवलेला. मावशींनी तो मोठ्या पिंजऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आवाज आला नाही. मी दात घासत भिंतीपाशी उभी राहिले. सात वाजले. मग मी मागच्या दारानं गेले. मावशी ओट्यावर खाली बसल्या होत्या. पिंजऱ्यावर रात्री टाकायचं जुनं लुगडं अर्धं काढलेलं होतं. आठही पाखरं पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली होती. अकोला आणि जलंब एकमेकांपासून लांब, दोन टोकांना. लहान पिंजऱ्यात मलकापूर झोक्यावर बसून मान वाकडी करून बघत होतं.

मावशी उठल्या. जुन्या पातळाचे आठ तुकडे केले, एकेक पाखरू गुंडाळलं आणि सीताफळाच्या झाडाखाली पुरलं. खड्डा मी खणला. प्रत्येक वेळी त्या नाव घेत होत्या, जसं कुणाला तरी लाइन जोडून देत असाव्यात तसं. "लोणार. बाळापूर. मेहकर." दुपारी आई जाऊन त्यांच्याजवळ बसली, मीही गेले. तेव्हा मावशी बोलल्या. जलंब त्यांच्या चष्म्याच्या दांडीवर बसून कसं पेपर वाचायचं, चिखली सगळ्यांच्या मागून कशी खायची, असलं काहीबाही. बोलता बोलता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. मग त्या आईला म्हणाल्या, "वाढव." आणि पुन्हा बोलायला लागल्या. त्या दिवशी आम्ही दिवेलागणीपर्यंत तिथे होतो.

दोन दिवसांनी मावशी पाखरांची भांडी घासत होत्या. बाजरीची पिशवी धुवायला म्हणून त्यांनी उलटी केली. शिवणीत चार-पाच दाणे अडकले होते. गर्द गुलाबी.

आमच्याकडे शेतीशी थोडाही संबंध असलेल्या माणसाला तो रंग माहीत असतो. दुकानातून येणाऱ्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं असतं, आणि ते कुणी खाऊ नये म्हणून त्याला तसा रंग देतात. गजूमामांनी उन्हाळी बाजरी पेरली होती. पेरून बियाणं उरलं. दाणा फेकायचा नसतो, हे त्यांच्या रक्तातच होतं. त्यांनी तो पिशवीतून काढून धुतला, शिवणीतले दाणे तेवढे राहिले. रंग गेला म्हणजे औषध गेलं असं त्यांना वाटलं असणार. तिकडे पुष्कळ जणांना तसंच वाटतं. मावशींनी ते दाणे पुडीत बांधून जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी पुडी उघडून लगेच मिटली. "पाखरांना पुरेसं आहे हे," म्हणाले.

त्या संध्याकाळी मावशी आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. आई म्हणाली, "गजूभाऊंना सांगू नका. उन्हानं गेली म्हणा. तो माणूस मनाला लावून घेईल."

"फेब्रुवारीत कोनतं ऊन व?"

"मग आजार म्हणा काहीतरी."

मावशी बराच वेळ बोटानं पाटावर रेघा ओढत राहिल्या. "त्यानं जानून नाई केलं," म्हणाल्या. "त्याले मी सांगितलं तं तो या घरात पाय ठेवनार नाई. मी त्याले ओळखते. लहानपनी त्याच्या हातून माहा आरसा फुटला होता, तं तीन दिवस गोठ्यात जेवला तो. पाखरं गेले, गेले. भाऊ नाई घालवायचा मले." आणि मग त्यांनी ठरवलं, नाही सांगायचं. आयुष्यभर कळलेलं गिळून ठेवलं, त्यात आणखी एक.

दोन दिवस ते टिकलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर मलकापूरचं पाणी बदलत होते. मावशींचा फोन वाजला. त्यांना ऐकायला कमी येत असल्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर असायचा.

"बाई, कशी हायस? पाखरं काय म्हनतात?"

"हायेत," मावशी म्हणाल्या.

"आवडली काय बाजरी? अजून पायलीभर धुऊन ठेवेल हाय. या बाजाराले आनतो. अन् पोरीनं कोंबडीचे पिलं आनले ना, नात लय खुश हाय. म्हनलं थोडी त्याईलेबी टाकावं. नातच टाकते आपल्या हातानं, वंजळीत घेऊन."

मावशी उभ्या राहिल्या. मी त्यांना इतक्या झटकन उठताना कधी पाहिलं नव्हतं. "गजू, टाकू नको. ऐकलं काय? कोनालेच टाकू नको. नातीले हात लावू देऊ नको. पोतं वर ठेव."

"काऊन व? काय झालं?"

"मी येते उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मेहकर गाडीनं आम्ही दोघी जानेफळला गेलो. मला का नेलं, ते त्यांनी सांगितलं नाही. वाटेत त्या फक्त एकदाच बोलल्या, "फोनवर नसतं सांगता आलं. तो फोन ठेवून देता, अन् मंग मी कोनाच्या तोंडाकडे पाहती?"

गजूमामा अंगणात उभेच होते. त्यांनी पाणी आणलं. मावशींनी तांब्या हातात घेतला, पण त्या बसल्या नाहीत.

"गजू, पाखरं मेले. आठ. त्या बाजरीनं."

मामांना आधी हसू आल्यासारखं झालं. मग चेहरा बदलला. "धुतली होती व बाई. तीन पान्यानं धुतली. माहे हात लाल झाले होते. पाह्य, अजून नखात असंल." आणि त्यांनी खरंच हात पुढे केले, लहान मुलं जेवायच्या आधी दाखवतात तसे.

"हाव. तू धुतली. मले माहीत हाय तू धुतली असंल."

"मंग?"

"धुऊन जात नाई ते."

मामा आत गेले. माळ्यावरून पोतं काढलं, फावडं घेतलं आणि शेताच्या पार टोकाला, विहिरीपासून लांब जाऊन खड्डा केला. आम्ही ओसरीवरून बघत होतो. खड्डा माणसाला पुरेल एवढा झाला तरी ते खणतच राहिले. त्यांच्या सुनेनं भाकरी वाढली. ते जेवायला आले नाहीत. आम्ही गाडीला निघालो तेव्हा सोडायलाही आले नाहीत. पिल्लं मात्र अंगणात धडधाकट हिंडत होती, आणि नात त्यांच्यामागे होती. मावशी तिच्याकडे बघून म्हणाल्या, "चला. एक काम झालं."

पण त्यांची भीती खरी ठरली. पुढच्या बाजाराला मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की "कामात हावो," म्हणून अर्ध्या मिनिटात ठेवून द्यायचे. मावशी सकाळी पूर्वीच्याच वेळी उठायच्या, मोठा पिंजरा पुसायच्या, रिकाम्या वाट्या उन्हात ठेवायच्या. मलकापूर भांडायला कुणी नसल्यामुळे एका जागी पिसं फुगवून बसून राहायचं. त्याला मोठ्या पिंजऱ्यात सोडलं, तर ते एका कोपऱ्यात जाऊन बसलं. झोका, वाटी, ऊन, सगळं त्याचंच झालं होतं आणि त्याला काहीच नको होतं. कुणीतरी सुचवलं, नवीन जोडी आणा. मावशी म्हणाल्या, "आधी घरचे मानसं मोजू द्या."

एप्रिलच्या शेवटी मामांनी लोणच्याच्या कैऱ्यांचं पोतं एसटीत टाकून पाठवलं. सोबत कुणीच नाही. मावशींनी पोतं उघडलंसुद्धा नाही. त्याच कंडक्टरच्या हाती परत पाठवलं आणि निरोप दिला, "आननारा नसंल तं माल घेत नसतो म्हना." आठ दिवसांनी पोतं पुन्हा आलं. पुन्हा परत गेलं. आईनं कपाळाला हात लावला. "अहो, पिकतील की त्या कैऱ्या!"

"पिकू दे. सडू दे. मी बी पाह्यतो कोन थकते तं." रागात असल्या की त्या स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायच्या. मला ते फार आवडायचं. जानेफळहून मामांच्या बायकोचा फोन आला की कंडक्टर आता हसायला लागला आहे आणि मामा बाहेर तोंड दाखवत नाहीत. मावशी म्हणाल्या, "तिकडे नको दाखवू म्हना. इकडे दाखव."

याच सुमारास मला नागपूरला नोकरी लागली. मुलाखतीत मी घाबरले नाही, याचं घरच्यांना आश्चर्य वाटलं. मला फारसं वाटलं नाही. सहा वर्षं मी नऊ श्रोत्यांपुढे रोज बोलत होते आणि त्यांतला एक कायम अंगावर येत असे.

निघायच्या दिवशी सकाळी मी मावशींच्या पाया पडायला गेले. मुख्य दाराला कडी होती म्हणून मागून गेले, आणि भिंतीपाशीच थांबले. ओट्याच्या पायरीशी गजूमामा उभे होते. खांद्यावर पोतं. ते वाळले होते. मावशी वर, कंबरेवर हात ठेवून.

"घे व बाई. अर्ध्या पिकल्या. आता परत धाडशील तं रस करा लागंल."

"ठेव तिकडे. हात धू अन् इकडे ये."

त्यांनी पोतं उतरवलं, हात धुतले. बराच वेळ धुतले. मावशींनी कांगणीचा डबा त्यांच्यापुढे धरला. "मलकापूरले टाक. भूक लागली त्याले."

"मी नाई टाकत."

"काऊन?"

"माह्या हातानं नको." मामा उंबऱ्याकडे बघत होते. "तू टाक. मी फक्त पाह्यतो."

"मी सहा वर्षं टाकलं. आता माहे गुडघे दुखतात. टाक."

मामांनी डब्यात हात घातला. चिमूटभर दाणे काढले, तळव्यावर पसरले, उन्हात धरून पाहिले. मग आम्हा कुणाला कळायच्या आत ते दाणे आपल्या तोंडात टाकले. ते चावायला लागले. सालासकट, सावकाश, डोळे मिटून. गिळलं. आणि तसेच उभे राहिले, स्वतःला काय होतंय याची वाट बघत.

मावशींनी तोंडाला पदर लावला. रडतात की काय असं मला वाटलं. पण त्यांचे खांदे ज्या रीतीनं हलत होते, ते रडणं नव्हतं.

"काय झालं बे? मेला काय?"

"थांब जरा," मामा गंभीरपणे म्हणाले.

मग त्यांनी वाटी भरली. निम्मे दाणे खाली सांडले. मलकापूर कोपऱ्यातून मान काढून बघत होतं. ते दोन उड्या मारून खाली आलं, वाटीकडे न जाता सरळ मामांच्या बोटावर गेलं आणि कचकन चावलं. दोन-तीन महिन्यांनंतर ते कुणाला तरी चावलं होतं. मामांनी बोट मागे घेतलं नाही.

समोर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मावशींनी वळून मला पाहिलं, डोळे पुसत हात वर केला, "जाय, जाय, गाडी चुकंल, फोन करजो," म्हणाल्या आणि लगेच पुन्हा तिकडे वळल्या. मी भिंतीपलीकडून शेवटचं पाहिलं तेव्हा दोघं पिंजऱ्यापुढे वाकले होते. मामांचं एक बोट जाळीच्या आत होतं, आणि दुसऱ्या हातानं ते आणखी एक चिमूट तोंडात टाकत होते.

"अरे, आता काय जेवूनच घेतं का?" मावशी म्हणत होत्या. "त्याच्यासाठी ठेव थोडं."